गुण एकीचे, शिष्यवृत्ती दुसऱ्याला

व्याख्यानमालेचे दिवस आणि परीक्षांच्या निकालांचे दिवस एकाच ऋतूत यावेत, हा काही आम्ही घडवून आणलेला योग नव्हे. परंतु त्यामुळे होते असे की, समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी पुष्कळांचे अर्धे चित्त घरी अभ्यास करीत बसलेल्या, निदान अभ्यास करीत बसला आहे असे ज्याच्याविषयी मानावयाचे, त्या मुलाकडे लागलेले असते. त्यातून ते मूल डॉक्टर व्हावयाचे म्हणत असेल तर विचारूच नका! एका गुणाने प्रवेश हुकला, अमक्याला कमी गुण असून मिळाला, तमका भलत्याच वाटेने गेला आणि पदवी घेऊन आला, ही बोलणी आज घरोघर चालतात. आणि गंमत अशी की 'गुणवत्ता' हा एकच शब्द दोन्ही पक्षांच्या तोंडी असतो. हा वाद आपल्याच देशातला आणि अगदी अलीकडचा, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ती बरोबर नाही. वैद्यकाच्या विद्यालयात शिरावयास कोण पात्र आणि ती पात्रता मोजावयाची कशाने, यावरून दीडशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात मोठे रण माजले होते. त्याची हकीगत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे. तिचा एक धागा थेट मुंबईच्या कामा इस्पितळापर्यंत येऊन पोचतो.

या कामा इस्पितळाविषयी जाता जाता सांगतो. आमच्या लहानपणी शेजारची कोणी बाई 'कामात गेली' असे कानी आले की ती कामावर गेली असे आम्ही खुशाल समजत असू. कामा हे एका उदार पारशी गृहस्थाचे आडनाव आहे हे पुढे कळले, आणि त्या इस्पितळाची पहिली प्रमुख डॉक्टरीण कोण होती हे कळावयास तर आणखी कितीतरी वर्षे जावी लागली.

एडिंबरोकडे वळण्यापूर्वी दोन लहान गोष्टी सांगणे अवश्य आहे. पहिली अमेरिकेतली. एलिझाबेथ ब्लॅकवेल ही शिक्षिकेचा व्यवसाय करून पैसे साठवीत होती आणि ओळखीच्या डॉक्टरांच्या घरची पुस्तके वाचून वैद्यक शिकत होती. तिने एकामागून एक विद्यालयांना अर्ज केले व सर्वांनी ते फेटाळले. शेवटी न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा या गावच्या लहानशा विद्यालयाने नकाराचा वाईटपणा स्वतःकडे न घेता तो अर्ज विद्यार्थ्यांपुढे टाकला, आणि एकानेही हरकत घेतली तर प्रवेश मिळणार नाही अशी अट घातली. विद्यार्थ्यांना वाटले, कोणी तरी आपली थट्टा चालविली आहे. थट्टेला थट्टेने उत्तर म्हणून सगळ्यांनी एकमुखाने 'येऊ द्या' असे कळविले. १८४७ सालच्या शरदात ती बाई खरोखरच वर्गात येऊन बसली, तेव्हा सर्वांची तोंडे पाहण्यासारखी झाली असतील. १८४९ च्या जानेवारीत ती पदवी घेऊन बाहेर पडली ती वर्गात पहिली येऊन. म्हणजे दारातून आत येताना तिची गुणवत्ता कोणी तपासली नव्हती. ती आली एका विनोदाच्या पाठीवर बसून. आणि त्याच विद्यालयाने पुढे तिच्या धाकट्या बहिणीला, एमिलीला, प्रवेश नाकारला! थोरलीचा पहिला नंबर धाकटीच्या काही उपयोगी पडला नाही.

दुसरी गोष्ट लंडनची. एलिझाबेथ गॅरेट ही मिडलसेक्स इस्पितळात १८६० साली परिचारिका म्हणून शिरली आणि हळूहळू डॉक्टरांची व्याख्याने ऐकू लागली. तोवर कोणाची तक्रार नव्हती. एके दिवशी डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणाला येईना, ते तिने दिले. झाले! विद्यार्थ्यांचा तक्रार-अर्ज गेला आणि तिची व्याख्याने बंद झाली. मग तिने औषधविक्या वैद्यांच्या जुन्या मंडळीची सनद शोधून काढली. तीत 'सर्व व्यक्ती' असा शब्द होता, 'सर्व पुरुष' असा नव्हता. मंडळी का-कू करू लागली तेव्हा तिच्या बापाने कोर्टाची धमकी दिली. खाजगी शिकवण्यांवर तयारी करून १८६५ साली ती परीक्षा उतरली. त्यानंतर मंडळीने काय करावे? नियम बदलला. यापुढे मान्यताप्राप्त विद्यालयातच शिकलेले असले पाहिजे, खाजगी अभ्यास चालणार नाही. आणि मान्यताप्राप्त विद्यालयांत स्त्रियांना प्रवेश नव्हता. फट दिसली, एक माणूस त्यातून आत गेले, की ती बुजवून टाकावयाची, ही रीत येथून पुढे पुन्हापुन्हा आढळेल.

आता एडिंबरो. १८६९ च्या मार्चमध्ये सोफिया जेक्स-ब्लेक नावाच्या एकोणतीस वर्षांच्या इंग्रज बाईने तेथील विद्यापीठाकडे वैद्यक शिकण्यासाठी अर्ज केला. अध्यापकांनी मान्य केला, पण वरच्या कोर्टाने, म्हणजे विद्यापीठाच्या कार्यकारी सभेने, नाकारला. कारण काय, तर एकट्या बाईसाठी वेगळी व्यवस्था करणे शक्य नाही. जेक्स-ब्लेक मोठी हिकमती. एकटीसाठी नाही ना, मग अनेकींसाठी करा, असे म्हणून तिने वर्तमानपत्रांतून आवाहन केले. त्याला उत्तर देणाऱ्यांत एडिथ पीची होती.

ही पीची १८४५ साली इसेक्स परगण्यात जन्मली. बाप बॅप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक. आई स्वतःच्या हौसेने ग्रीक शिकलेली. घरीच शिकून ही मुलगी लोकांच्या घरी मुलांना शिकविण्याची नोकरी करीत होती. तिने जेक्स-ब्लेकला जे पत्र लिहिले त्याचा आशय ऐकण्यासारखा आहे. बेताची बुद्धी आणि चिकाटी यांपेक्षा या कामाला आणखी काही लागते काय, अशी तिची पृच्छा होती. या दोन गोष्टी माझ्यापाशी आहेत, विषयांची आवडही आहे. परंतु त्या विषयांचे पक्के ज्ञान म्हणाल तर बहुतेकांत मी कच्चीच आहे, असे तिने प्रांजळपणे कळविले. आजच्या कोणत्याही प्रवेश-समितीपुढे असे पत्र आले असते तर त्याचे काय झाले असते, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

ऑक्टोबरात प्रवेश-परीक्षा झाली. एकशे बावन्न उमेदवार बसले, त्यांत पाच स्त्रिया होत्या. निकाल लागला तेव्हा पहिल्या सात जागांपैकी चार या स्त्रियांनी पटकाविल्या होत्या. पुढे आणखी दोघी येऊन मिळाल्या आणि सात झाल्या. इतिहासात त्या 'एडिंबरोच्या सात जणी' म्हणूनच ओळखल्या जातात. त्यांना घेतले, पण अटी घालून घेतले. त्यांचे वर्ग पुरुषांपासून वेगळे भरावयाचे, त्यासाठी फी जादा द्यावयाची, आणि शिकवावयाचे की नाही हे ज्या त्या प्राध्यापकाच्या मर्जीवर! म्हणजे प्रवेश दिला, पण शिक्षणाची हमी दिली नाही.

रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते क्रम ब्राऊन. त्यांनी शिकवावयाचे कबूल केले. पुरुषांना जे व्याख्यान द्यावयाचे तेच दुसऱ्या तासाला स्त्रियांना. वर्षाअखेर, १८७० साली, सर्वांची परीक्षा झाली. प्रथमच परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांत एडिथ पीचीचा पहिला क्रमांक आला. तिच्या वरचे जे दोघे होते ते आधी एकदा तो अभ्यासक्रम केलेले, आणि म्हणून शिष्यवृत्तीस अपात्र असे होते.

ही शिष्यवृत्ती कोणती? तिला 'होप शिष्यवृत्ती' म्हणत. ती मिळाली म्हणजे विद्यापीठाची प्रयोगशाळा फुकट वापरावयास मिळे. तिचे मूळ मोठे मजेचे आहे. पूर्वीचे रसायनाचे प्राध्यापक टॉमस चार्ल्स होप यांनी १८२६ च्या सुमारास शहरातल्या स्त्रियांसाठी रसायनाची व्याख्याने दिली. व्याख्यानांस अलोट गर्दी लोटली, आणि फीच्या रूपाने जे उत्पन्न आले त्यातून त्यांनी ही शिष्यवृत्ती ठेवली. स्त्रियांच्या पैशातून उभी राहिलेली शिष्यवृत्ती एका स्त्रीने मिळवावी, यापेक्षा सरळ न्याय तो कोणता?

पण क्रम ब्राऊनसाहेबांनी ती पीचीला दिली नाही. तिच्या खालच्या पुरुष विद्यार्थ्यांना दिली. त्यांचे म्हणणे असे की स्त्रिया वेगळ्या तासाला शिकल्या, सबब त्या विद्यापीठाच्या वर्गाच्या सभासद नव्हेत, आणि शिष्यवृत्ती तर वर्गातील विद्यार्थ्यांसाठी आहे. वेगळा तास कोणी ठरविला? विद्यापीठाने. त्याची जादा फी कोणी भरली? स्त्रियांनी. तोच प्राध्यापक, तेच व्याख्यान, तोच प्रश्न. फरक एवढाच की घड्याळाचा काटा दुसऱ्या आकड्यावर होता. आम्ही क्रम ब्राऊन यांना खल पुरुष समजत नाही. ते नामांकित शास्त्रज्ञ होते, आणि ज्या काळी इतर अनेक जण स्त्रियांचे तोंड पाहावयास तयार नव्हते त्या काळी त्यांनी शिकविले तरी. पीचीला त्यांनी वर्गातील पहिल्या विद्यार्थ्यांना द्यावयाचे ब्राँझचे पदकही दिले. पण येथेच त्यांच्या युक्तिवादाचा पाय घसरतो. वर्गातली नव्हे तर पदक कशाचे? आणि पदकाला पात्र तर शिष्यवृत्तीला अपात्र कशी?

एवढ्यावर भागले नाही. पदवीसाठी जी हजेरीची प्रमाणपत्रे लागत, तीही या स्त्रियांना नेहमीच्या नमुन्यात न देता 'स्त्रियांच्या वर्गाची' म्हणून वेगळी दिली गेली. ती पदवीच्या कामी निरुपयोगी. दोन्ही प्रश्न प्राध्यापकांच्या सभेपुढे, सेनेटपुढे गेले. सेनेटने एका मताच्या बहुमताने ठरविले की प्रमाणपत्रे नेहमीचीच द्यावीत. आणि एकाच मताच्या बहुमताने असेही ठरविले की शिष्यवृत्ती पीचीला देऊ नये! प्रमाणपत्रापुरती ती वर्गात होती आणि शिष्यवृत्तीपुरती वर्गाबाहेर. मोठमोठ्या विद्वानांच्या सभेत असे निर्णय होतात, हे येथील पुष्कळ श्रोत्यांना अनुभवाने ठाऊक असेल.

मग मॅसन नावाच्या साहित्याच्या प्राध्यापकांनी, स्त्रियांना सरसकट नेहमीच्या वर्गांतच बसू द्यावे म्हणजे हा घोळच मिटेल, असा ठराव पदवीधरांच्या सभेत आणला. तो ४७ विरुद्ध ५८ मतांनी पडला. विरोधकांचे अग्रणी होते सर रॉबर्ट ख्रिस्टिसन. ज्या ज्या मंडळाकडे या स्त्रियांनी दाद मागावी, तेथे तेथे हे गृहस्थ आधीच खुर्चीवर बसलेले असत.

यानंतरचा प्रकार विद्वत्तेला शोभणारा नाही. १८ नोव्हेंबर १८७० रोजी सात जणी शारीरशास्त्राच्या परीक्षेसाठी सर्जन्स हॉलकडे निघाल्या. दारापुढे शेकडोंचा जमाव. त्यांच्यावर चिखल फेकण्यात आला, शिव्या झाल्या, फाटक तोंडावर आपटून बंद करण्यात आले. आतून कोणी तरी दार उघडून त्यांना घेतले. परीक्षा चालू असता टारगटांनी एक मेंढरू आत ढकलले. परीक्षा घेणारे डॉ. हँडीसाइड शांतपणे म्हणाले की राहू द्या ते; त्याला आत ढकलणाऱ्यांपेक्षा त्या जनावरास अक्कल अधिक आहे. या दंग्याबद्दल जेक्स-ब्लेकने ख्रिस्टिसन यांच्या एका साहाय्यकाचे नाव जाहीर सभेत घेतले. त्याने अब्रूनुकसानीची फिर्याद ठोकली. ज्यूरीने त्याच्या अब्रूची भरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी! परंतु कज्जाचा खर्च बाईंच्या अंगावर पडला तो शेकडो पौंडांचा, आणि तो लोकांनी वर्गणी करून भरला. होप शिष्यवृत्तीच्या अन्यायाने आणि या चिखलाने एक गोष्ट मात्र झाली. जो प्रश्न एका गावाचा होता तो साऱ्या ब्रिटनचा झाला.

शेवट सांगण्यास फार वेळ लागणार नाही. स्त्रिया न्यायालयात गेल्या. १८७२ साली त्यांच्यासारखा निकाल लागला, आणि १८७३ साली वरच्या न्यायासनाने तो फिरविला. विद्यापीठाने त्यांना मुळात घेतले हीच चूक, असे बहुसंख्य न्यायाधीशांचे मत पडले. चार वर्षे फी भरून, परीक्षा देऊन हाती काय, तर तुम्हांला घेतलेच नव्हते हा शेरा. सगळ्या पांगल्या. जेक्स-ब्लेकने १८७४ साली लंडनला स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय विद्यालय काढण्यात पुढाकार घेतला. १८७६ साली कायदा झाला आणि परवाना देणाऱ्या मंडळांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मुभा मिळाली. पीची स्वित्झर्लंडमधील बर्नला गेली, जर्मन भाषेत परीक्षा देऊन १८७७ च्या जानेवारीत एम. डी. झाली, मे महिन्यात डब्लिनचा परवाना मिळविला आणि लीड्स येथे तिने दवाखाना थाटला.

इकडे मुंबईत १८८२-८३ च्या सुमारास जॉर्ज किट्रेज नावाचा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली या दोघांनी हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टर मिळाव्यात म्हणून फंड उभारला. पुरुष वैद्याने नाडी पाहिलेली चालत नाही म्हणून बायका घरातच मरत, हे दोघांनीही डोळ्यांनी पाहिले होते. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी इस्पितळासाठी लाखावर रुपये दिले, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजचे दरवाजे १८८३ साली स्त्रियांना उघडले. आता प्रमुख कोणास नेमावयाचे? किट्रेज लंडनला जाऊन एलिझाबेथ गॅरेट अँडरसनला भेटले. होय, तीच ती परिचारिका म्हणून शिरलेली. तिने पीचीचे नाव सुचविले. १८८३ च्या डिसेंबरात पीची मुंबईस उतरली. कामा इस्पितळ १८८६ साली उघडले. तिने येथे परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली आणि स्त्री-डॉक्टरांस पुरुषांइतकाच पगार मिळावा म्हणून भांडण मांडले. तासाच्या फरकाने शिष्यवृत्ती बुडालेल्या बाईला पगाराच्या फरकाची चीड असणे साहजिकच होते. हर्बर्ट फिप्सन या मुंबईच्या व्यापाऱ्याशी तिने १८८९ साली विवाह केला. दुसऱ्याच वर्षी मुंबईच्या हिंदूंना उद्देशून तिने बालविवाहाविरुद्ध जाहीर भाषण केले.

आता ज्या वर्षी पीची मुंबईस आली त्याच वर्षी आपली एक मुलगी उलट दिशेने निघाली होती. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून जहाजात बसल्या, वय अठरा. शाळा म्हणाल तर तुटक-तुटक. गोपाळरावांच्या बदल्या होत तसतशी शिकण्याची जागा बदले, आणि मुख्य शिक्षक गोपाळरावच. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयाला त्यांनी जो अर्ज केला त्यात गुणपत्रिका नव्हती. आप्त आणि जात यांच्या विरोधाला न जुमानता येथवर येण्याचा जो निर्धार मी दाखविला तो पुढच्या कामातही उपयोगी पडेल, आणि माझ्या देशभगिनी पुरुष डॉक्टरापेक्षा मरण पत्करतात, हे त्यात होते. विद्यालयाने त्यांना घेतले आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलर मंजूर केले. १८८६ च्या मार्चमध्ये त्या एम. डी. झाल्या. पुढच्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला. कोल्हापूरच्या इस्पितळातली त्यांची जागा तशीच राहिली.

येथे एक प्रश्न आम्हांला स्वतःला बरेच दिवस छळीत आला आहे, आणि तो आम्ही श्रोत्यांपासून लपवीत नाही. एडिंबरोच्या गोष्टीत आपण पीचीच्या बाजूने बोलतो ते कशाच्या आधारावर? गुणांच्या. तिला अधिक गुण होते, तिला मिळाले नाही, म्हणून अन्याय. आनंदीबाईंच्या गोष्टीत आपण आनंदाने मान डोलावतो ती मात्र गुण न पाहता प्रवेश दिल्याबद्दल. दोन्हीकडे टाळ्या वाजवावयाच्या तर दोन्हीकडे एकच तत्त्व असले पाहिजे. ते कोणते? आम्हांला असे दिसते की फिलाडेल्फियाने गुण पाहिलेच नाहीत असे नव्हे; परीक्षेने जे मोजता येत नाही ते पाहिले, आणि रोगी कोण आहे हेही पाहिले. एडिंबरोने परीक्षा घेतली, निकाल लावला, आणि तो पाहावयास नकार दिला. पहिल्या ठिकाणी माप वाढविले, दुसऱ्या ठिकाणी मोडले.

व्याख्यानानंतर कोणी तरी आजच्या राखीव जागांचा विषय काढणारच, म्हणून त्याविषयी दोन शब्द. आपल्या प्रजासत्ताकाच्या आरंभीच, १९५१ साली, हा वाद वैद्यकीय प्रवेशावरूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मद्रास सरकार दर चौदा जागांची जातवार वाटणी करीत असे, सहा ब्राह्मणेतर हिंदूंना, दोन ब्राह्मणांना, याप्रमाणे. चंपकम दोराईराजन या बाईंनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि ती वाटणी रद्द झाली. या बाईंनी वैद्यकीय कॉलेजकडे प्रत्यक्षात अर्जच केला नव्हता, हे त्या खटल्यात उघड झालेले आहे. त्याच वर्षी घटनेला पहिली दुरुस्ती होऊन मागासलेल्या वर्गांसाठी खास तरतुदीची वाट मोकळी झाली. एडिंबरोचा दाखला या वादात कोणत्याही एका पक्षाने सरळ उचलून वापरावा असे आम्हांला वाटत नाही. तेथे मागून आलेल्यांपाशी गुण होते आणि आधीपासून बसलेल्यांपाशी नियम होता. येथील गाठ त्याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहे. पण ज्यांना प्रवेश-परीक्षेचा क्रमांक हाच माणसाचा अखेरचा हिशेब वाटतो, त्यांनी ब्लॅकवेल कोणत्या वाटेने आली हे एकदा आठवून पाहावे.

रखमाबाईंची गोष्ट सांगितल्यावाचून ही हकीगत पुरी होत नाही. लहानपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जाण्यास त्यांनी नकार दिला, १८८४ पासून खटला चालला, आणि १८८७ साली नांदावयास जा नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा असा हुकूम झाला. पुढच्या वर्षी दोन हजार रुपये देऊन तो कज्जा मिटला. त्यांचेही शिक्षण बव्हंशी घरचे, पुस्तके आणून वाचून केलेले; सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांची साथ एवढेच भांडवल. अशा बाईला डॉक्टर होता येईल हे ओळखून तिला धीर देणारी आणि तिच्यासाठी पैसा उभा करण्यास हातभार लावणारी कोण? कामा इस्पितळाची एडिथ पीची-फिप्सन. १८८९ साली रखमाबाई लंडनला त्या स्त्रियांच्याच विद्यालयात गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले. १९५५ साली त्या वारल्या.

एडिंबरो विद्यापीठाने १८९० नंतरच्या दशकात स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला. सात जणींना मात्र त्यांची पदवी ६ जुलै २०१९ रोजी, मरणोत्तर मिळाली. त्यांच्या वतीने ती तेथे शिकत असलेल्या मुलींनी स्वीकारली. पीची मुंबईच्या प्लेगमध्ये खपली, १९०५ साली इंग्लंडला परतली आणि १९०८ साली वारली. नाशिकजवळ तिच्या नावाचे आरोग्यधाम १९६४ पर्यंत चालू होते. आणि फिप्सनसाहेबांनी पत्नीच्या स्मरणार्थ लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात पैसे ठेवले, त्यातून १९४८ सालापर्यंत तेथील मुलींना पीचीच्या नावाने एक शिष्यवृत्ती मिळत असे.